रिकाम्या कुंड्या: एडिंबरातल्या एका घरबागेत बियांपासून वाढवलेली अल्पाइन रोपं

हे प्रकरण स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या एका मराठी घरातलं आहे. नावं देत नाही. बागेच्या मालकिणीला ताई म्हणू, त्यांच्या यजमानांना दाजी, आणि कुंपणापलीकडच्या वयस्कर गृहस्थांना आजोबा. तारखा आणि आकडे ताईंच्या वहीतून घेतले आहेत. मी त्याच शहरात राहतो. माझ्या स्वतःच्या खिडकीत कढीपत्त्याच्या एका रडक्या रोपापलीकडे काही नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

ताईंचं माहेर तासगावकडचं. वडिलांची द्राक्षबाग होती, आता भाऊ बघतो. त्यामुळे छाटणी, कलम, फवारणी हे शब्द त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले. 2020 मध्ये एडिंबरात त्यांनी घर घेतलं तेव्हा मागे चटईएवढं गवत आणि उत्तरेकडे एक ओलसर भिंत, एवढीच बाग होती.

कुंपणापलीकडे मात्र निराळंच जग होतं. आजोबांच्या अंगणात जुन्या दगडी डोण्या मांडलेल्या. आपल्याकडे गुरांना पाणी पाजायला असतात तशाच. त्यात माती थोडी, खडी जास्त, आणि खडीतून वर आलेल्या मुठीएवढ्या हिरव्या गाद्या. मे महिन्यात त्या गाद्यांवर इतकी फुलं यायची की पानं दिसायची नाहीत. त्यातलंच एक बोटभर उंचीचं निळं फूल बघून ताई कुंपणाशी थबकल्या. ते जेन्शियाना व्हेर्ना होतं. आल्प्सचं म्हणून ते ओळखलं जातं, पण इंग्लंडच्या उत्तरेला टीसडेलच्या माळावर आणि आयर्लंडमध्ये बरनच्या चुनखडीच्या पठारावरही ते रानात उगवतं.

डोंगरावर एका उंचीनंतर झाडं थांबतात. त्या रेषेच्या वर, दगडांच्या फटीत आणि घसरत्या खडीत जी रोपं तग धरतात ती अल्पाइन. वारा, उघडं ऊन आणि वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने वाढीला, म्हणून ती बुटकी, दाट, जमिनीला चिकटलेली. ताईंना ती बघून कासचा सडा आठवला. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आणि त्यावर गेंद, सीतेची आसवं. साम्य आहेही, पण फसवं आहे. कासचं बी उन्हाळा काढून पावसाची वाट बघतं. अल्पाइनचं बी वाट बघतं ती हिवाळा संपण्याची. पुढचा सगळा घोळ या एका फरकाभोवती झाला.

ही रोपं बाजारातल्या रोपवाटिकांत क्वचितच मिळतात. मिळतं ते बी, आणि तेही हौशी लोकांच्या मंडळांतून. इंग्लंडातली अल्पाइन गार्डन सोसायटी 1929 ची, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब 1933 चा. सभासद आपापल्या बागेतलं बी पाठवतात, हिवाळ्यात त्याची यादी निघते, आणि ज्याला जे हवं ते नाममात्र खर्चात घरपोच येतं. आजोबा चाळीस वर्षांचे सभासद. त्यांच्या सांगण्यावरून ताईही सभासद झाल्या आणि जानेवारी 2021 मध्ये त्यांच्याकडे बारा पाकिटं आली.

यादीतून निवडताना त्यांनी जे केलं ते प्रत्येक नवखा माणूस करतो: सर्वांत अवघड आणि सर्वांत देखणं तेवढं उचललं. दोन जेन्शियाना (व्हेर्ना आणि अकॉलिस), प्रिम्युला मॅक्रोफिला आणि आणखी एक प्रिम्युला, अँड्रोसेस, सोल्डानेला, पल्साटिला व्हर्नालिस, लुइसिया, सॅक्सिफ्रागा. आणि मेकोनॉप्सिस अॅक्युलिएटा, म्हणजे हिमालयातली काटेरी निळी पॉपी, आपल्या खसखशीच्या कुळातली. सोपी म्हणावी अशी दोनच पाकिटं होती, डायअँथस अल्पिनस आणि एरिनस. तीही आजोबांनी आग्रहाने घ्यायला लावली म्हणून.

काय बिघडलं

ताईंनी बी पेरलं ते मेथी-मिरचीच्या सवयीने. दुकानातली तयार, भुसभुशीत, काळी माती, त्यावर बी, वरून मातीचा थर, कुंड्या खिडकीत, खाली हीटर, वर प्लास्टिक. खोलीत 21 अंश. रोज सकाळी झारीने पाणी.

दहाव्या दिवशी डायअँथस आणि बाराव्या दिवशी एरिनस उगवलं, आणि या यशानेच पुढचं नुकसान केलं. कारण त्यावरून पद्धत बरोबर आहे असा निष्कर्ष निघाला. या दोघांना थंडीची गरजच नसते. ती कशीही उगवतात. मग मेकोनॉप्सिसच्या कुंडीतही सहा कोंब दिसले आणि घरात पेढे वाटायचंच बाकी राहिलं. आठवड्याभरात त्या सहाही कोंबांच्या देठाशी मातीलगत काळपट आकसलेला पट्टा आला आणि ते आडवे झाले. मिरचीच्या वाफ्यात ज्याला रोपं कोलमडणं म्हणतात तेच हे. ऊब, कोंदट हवा आणि सतत ओली माती मिळाली की मातीतल्या बुरशीला आणखी काही लागत नाही. डायअँथसची निम्मी रोपंही त्यात गेली.

बाकीच्या कुंड्यांत काहीच आलं नाही. मे महिन्यापर्यंत दहा रिकाम्या कुंड्या, त्यांवर शेवाळाचा हिरवा थर आणि खोलीभर चिलटं.

ताईंना राग आला तो याचा की त्यांनी थंडी दिली होती. कुठेतरी वाचून पाकिटं तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवली होती. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर जरा थांबायला हवं. कोरडं बी फ्रिजमध्ये ठेवलं तर ते टिकतं. जागं होत नाही. डोंगरावर बी ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतं. ते लगेच उगवलं तर महिन्याभरात बर्फाखाली मरेल. म्हणून या बियांत एक अडसर असतो, आणि तो निघतो ओल्या थंडीत: बी पाणी पिऊन फुगलेलं, भोवती साधारण 0 ते 5 अंश, आणि हे काही आठवडे, कित्येकदा दोन-तीन महिने सलग. पाणी नसेल तर ती थंडी बियाच्या हिशोबात धरलीच जात नाही. काहींचा अडसर याहून खोल असतो. पल्साटिला ज्या कुळातली त्या कुळात बी झाडावरून गळतं तेव्हा आतला गर्भ पुष्कळदा अर्धवटच वाढलेला असतो. आधी तो वाढायचा, मग उगवण.

पुढे काय करता आलं असतं

मे 2021 च्या शेवटच्या आठवड्यात कुंपणावरून जी चर्चा झाली ती ताईंनी वहीत जवळजवळ शब्दशः उतरवली आहे. ताईंचं मत: सगळं उपडं करून टाकावं आणि दोन-चार तयार रोपं विकत आणावीत. दाजींचं मतही तेच, कारण चिलटं स्वयंपाकघरात पोचली होती. आजोबांनी एक कुंडी हातात घेतली, शेवाळ नखाने खरवडलं आणि म्हणाले, "रिकामी कुंडी म्हणजे मेलेली कुंडी नव्हे. तुम्ही यांना अजून हिवाळा दाखवलाच नाहीत."

त्यांची पद्धत सोपी होती, फक्त सावकाशीची. कुंड्या घराबाहेर, उत्तरेच्या भिंतीशी ठेवायच्या आणि किमान दोन हिवाळे, जमलं तर तीन, विसरून जायच्या. आक्षेप एकच होता: जागा अडते आणि हाती काही लागेल याची खात्री नाही.

दुसरा पर्याय ताईंच्या भावाने तासगावहून सुचवला: "ताई, जीए मार की." द्राक्षवाल्यांना जिबरेलिक अॅसिड नवीन नाही, घड बुडवायला, मणी लांबवायला ते दरवर्षी लागतं. हाच पदार्थ काही बियांतला थंडीचा अडसर मोडतो हेही खरं आहे. पेनसिल्व्हेनियातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन डेनो यांनी 1980 आणि 90 च्या दशकांत हजारो जातींच्या बियांवर घरच्या घरी प्रयोग केले, त्यात याचाही वापर होता. ते पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, हे मोजत बसत नसत. ओल्या कागदावर चिमटीपेक्षाही कमी भुकटी टाकत.

डेनोंची मूळ पद्धत मात्र ताईंना ऐकताक्षणी पटली. ओला, पिळून घेतलेला कागदी रुमाल, त्याच्या घडीत बी, तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तीन महिने फ्रिजमध्ये, मग तीन महिने बाहेर खोलीत. मूळ दिसलं की बी चिमट्याने उचलून कुंडीत. "म्हणजे मटकीला मोड आणायचे," ताई म्हणाल्या. आजोबांना मटकी माहीत नव्हती. पुढच्या रविवारी उसळीचा डबा कुंपणावरून गेला.

काय केलं

ताईंनी एकच मार्ग धरला नाही. जुन्या दहा कुंड्या टाकल्या नाहीत. वरचं शेवाळ काढून त्यावर बारीक धारदार खडीचा अर्धा सेंटीमीटर थर दिला आणि बाहेर नेल्या. ही खडी म्हणजे इथे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायला मिळते ती. तिने तीन कामं होतात: शेवाळ धरत नाही, पावसाच्या थेंबाने बी उडत नाही, आणि कोंबाच्या देठाशी ओल साचत नाही. वर मांजर आणि पक्ष्यांसाठी जाळी. पाणी वरून घालणं बंद. कुंडी परातीत उभी करायची आणि वरची खडी गडद झाली की उचलायची.

नव्या पेरणीची मातीही बदलली. दुकानातल्या काळ्या मातीऐवजी जॉन इनिस पद्धतीचं बियाण्याचं मिश्रण, ज्यात खरी पोयटा माती असते, आणि तेवढीच खडी. ताईंना हे आधी उधळपट्टीचं वाटलं. माती विकत आणायची आणि त्यात निम्मे दगड घालायचे!

जूनमध्ये आजोबांनी आपल्या पल्साटिलाचं बी दिलं. पिसासारखी शेपटी असलेलं, त्याच सकाळी गळलेलं. ताईंनी ते त्याच दिवशी पेरलं. पाचव्या आठवड्यात अकरा रोपं. जानेवारीत टपालाने आलेलं त्याच वंशातलं बी मात्र सहा महिने कोरडं पडून राहिलेलं होतं, आणि त्याने पुढे दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. ताजं बी आणि टपालाचं बी यांना एकाच मापाने मोजू नये, हे त्या दिवशी वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे. (बाकी पाट्या मात्र पेन्सिलीनेच लिहा. शाई एका हिवाळ्यात जाते. ताईंच्या दोन कुंड्यांचं नाव आजही "बहुतेक सॅक्सिफ्रागा" आहे.)

जीएचा प्रयोगही झाला. जेन्शियाना अकॉलिसचं थोडं बी उरलं होतं, त्यावर नोव्हेंबर 2021 मध्ये. भावाचं म्हणणं खरं ठरलं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोंब आले. पण एडिंबरात डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. कोंब फिके, लांबोडके निघाले, आधार द्यावा लागेल असे. फेब्रुवारी उजाडेपर्यंत एकही उरला नाही. औषधाने बी उठवता आलं, सूर्य उठवता आला नाही. माझ्या मते इथे दोष जीएचा नव्हता, तारखेचा होता. हाच प्रयोग फेब्रुवारीच्या शेवटी केला असता तर निकाल वेगळा दिसला असता. ताईंना हे पटत नाही. त्यांनी ती बाटली भावाच्या नावाने कपाटात वर ठेवून दिली आहे.

एप्रिल 2022 मध्ये भिंतीकडच्या दहांपैकी सहा कुंड्या उगवल्या: दोन्ही जेन्शियाना, अँड्रोसेस, लुइसिया, सॅक्सिफ्रागा आणि एक प्रिम्युला. जेन्शियाना व्हेर्नाचे कोंब इतके बारीक होते की ताईंनी ते भिंगाने मोजले. चार निघाले.

एक फोन पुण्याहून

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ताईंच्या भाच्याचा फोन आला. तो मित्रांबरोबर उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या ट्रेकला निघाला होता. "मावशी, तू निळी पॉपी लावतेयस ना? तिथे ढिगाने असते म्हणे. बी आणू? आणि ब्रह्मकमळाचंही आणतो, आईच्या गॅलरीतलं तर दरवर्षी फुलतं."

आधी ब्रह्मकमळाचं. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत रात्री फुलतं आणि ज्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना जातात ते मूळ अमेरिका खंडातलं निवडुंगाच्या कुळातलं झाड. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, हेमकुंडाच्या वाटेवर दिसणारं. नाव एक, बाकी काही एक नाही.

पॉपीचं मात्र गंभीर होतं. ताईंची पहिली कुंडी कोलमडलेली, मंडळाकडून मिळालेलं दुसरं पाकीट लहान, आणि मेकोनॉप्सिस अॅक्युलिएटा तर पश्चिम हिमालयातलीच, त्या दरीतल्या कड्यांवरची. मोह साहजिक होता. दाजी म्हणाले, चार बिया कोण बघतंय.

ताईंनी नको म्हटलं, आणि कारणं वहीत लिहून ठेवली. ती दरी 1982 पासून राष्ट्रीय उद्यान आहे; तिथून फूल, बी, पान काहीही उचलायला मनाई आहे. भारतातलं रानटी बी परदेशी नेण्यावर जैवविविधता कायद्याची बंधनं आहेत. ब्रिटनमध्ये बाहेरून बी आणायचं तर त्यासोबत वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि तो भाच्याच्या पाठपिशवीत असणार नव्हता. शिवाय साधी गोष्ट, ऑगस्टमध्ये तिथे फुलं असतात, पिकलेलं बी नसतं. आणि ही पॉपी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. तिचं बोंड तोडणं म्हणजे त्या फटीतला पुढचा वंशच तोडणं.

भाच्याने फोटो पाठवले. ते उपयोगी पडले, हे मला महत्त्वाचं वाटतं. सगळी रोपं उतारावर होती, खडकाच्या सांध्यात, मुळाशी गारवा आणि डोक्याशी निचरा. ताईंनी आपली डोणी त्यावरून बेतली. खरी दगडी डोणी परवडत नव्हती, म्हणून मासळीबाजारातून थर्मोकोलची पेटी आणली, तळाला भोकं पाडली, बाहेरून सिमेंटचा लेप दिला. आत निम्मी खडी, आणि दगड तिरके रोवून मधल्या सांध्यांत रोपं. इथले बरेच अल्पाइनवाले अशाच पेट्या वापरतात. वर्षभरात त्यांवर शेवाळ धरलं की दगडाच्या नाहीत हे ओळखूही येत नाही.

काचेचा प्रश्न

मेकोनॉप्सिसची दुसरी फेरी जानेवारी 2022 मध्येच सुरू झाली होती, आणि मटकीच्या पद्धतीने. चाळीसेक बिया, ओला कागद, सहा आठवडे फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी. दाजींनी ती पिशवी एकदा कचऱ्यात टाकली होती, वेळीच परत मिळाली. मार्चमध्ये पिशवी जिन्याखालच्या बिनहीटरच्या खोलीत आली, 12-13 अंशांवर. एकोणीस बियांना मूळ फुटलं. ऊब कमी ठेवली हाच पहिल्या फेरीपेक्षा मोठा फरक. ही पॉपी गरम खोलीत रुसते. रोपं वेगळी करताना ताईंनी आठ गमावली, कारण पहिलं खरं पान दिसताच त्या घाईने हलवायला बसल्या. उरलेली अकरा त्यांनी तीन पानं येईपर्यंत तशीच ठेवली. शरदापर्यंत नऊ टिकली आणि पहिला हिवाळा आजोबांच्या काचेच्या झाकणाच्या पेटीत गेला. 2023 च्या वसंतात सात रोपं डोणीत गेली. दोन आजोबांना दिली.

ऑक्टोबरमध्ये रोपं वरून पूर्ण नाहीशी झाली. हे अपेक्षित होतं. ही जात हिवाळ्यात जमिनीलगतच्या एका कोंबात मिटून बसते. हिमालयात त्यावर चार-पाच महिने बर्फ असतं, आणि बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास, हवा स्थिर, वरून थेंब नाही. एडिंबराचा हिवाळा त्या मानाने सौम्य आहे, आणि तीच अडचण आहे. आज गोठण, उद्या सहा अंश आणि पाऊस, परवा पुन्हा गोठण. या रोपांना थंडी मारत नाही, ओल मारते. शहराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्येही काही नाजूक अल्पाइन काचघरातच सांभाळतात, तुफा नावाच्या सच्छिद्र दगडात रोवून.

ताईंनी डोणीवर चार विटा आणि त्यावर काच ठेवली, बाजू मोकळ्या. नोव्हेंबर ते जानेवारी सगळं ठीक होतं.

फेब्रुवारी 2024 च्या मध्यात हवा उबदार झाली. काचेखाली दोन कोंबांवर सोनेरी लव दिसायला लागली. इथे या सगळ्या गोष्टीतला, मला वाटतं, सर्वांत नाजूक निर्णय आला. काच ठेवली तर कोंब कोंदतील, वाढ लांबोडकी होईल अशी ताईंना भीती होती. जीएची लांबोडकी रोपं डोळ्यांसमोर होती. काढली तर पावसाचा धोका. आजोबा त्या आठवड्यात रुग्णालयात होते, त्यांना विचारणं झालं नाही. ताईंनी काच काढली.

पुढचे बारा दिवस कमी-जास्त पाऊस लागून राहिला. मार्चच्या सुरुवातीला सातपैकी तीन कोंब बोटाने दाबले तर मऊ लागले. आजोबांची दोन रोपं कुंडीतच होती, झाकलेल्या पेटीत. ती दोन्ही ठणठणीत.

हाती काय लागलं

जून 2024 च्या तिसऱ्या आठवड्यात दोन रोपं एकदम फुलली. काटेरी गुडघाभर दांडा, त्यावर रेशमी, आभाळी निळी फुलं, मध्ये पिवळे पुंकेसर. 1924 साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी तिबेटातून आणलेल्या बियांमुळे जी मोठी निळी पॉपी ब्रिटनच्या बागांत पसरली आणि जी स्कॉटलंडच्या गार, दमट उन्हाळ्यात जणू तण म्हणून वाढते, ती ही नव्हे. ही तिची हट्टी, लहान बहीण. ताईंनी रंगाच्या बारीक ब्रशने परागकण इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेले. भावाच्या बागेत असलं काही करावं लागत नाही, पण दोनच रोपं असताना भुंग्यांवर विसंबण्याची त्यांची तयारी नव्हती.

सप्टेंबरात पाच बोंडं भरली. दोन्ही रोपं ठरल्याप्रमाणे वाळून गेली. बियांचे तीन भाग झाले: एक लगेच पेरला, एक कोरडा करून फ्रिजमध्ये जानेवारीसाठी, एक मंडळाच्या यादीला. 2025 च्या वसंतात घरचे दोन्ही भाग उगवले. लगेच पेरलेला जरा आधी आणि जरा दाट.

बाकीच्यांचा हिशोब असा. जेन्शियाना व्हेर्नाच्या चारपैकी एक जगलं, 2024 मध्ये त्याला तीन फुलं आली. अकॉलिस आणि अँड्रोसेस उत्तम. आजोबांची पल्साटिला आता वाटून संपत नाही. लुइसियाने दोन वर्षं छान काढली, तिसऱ्या हिवाळ्यात कुजली. प्रिम्युला एके सकाळी हात लावताच मुळासकट उचलून आली, कारण मूळच नव्हतं. सोंडेच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांनी खालून सगळं फस्त केलं होतं. टपालाच्या पल्साटिलाचे दोन कोंब एप्रिल 2023 मध्ये, म्हणजे पेरल्यावर सव्वीस महिन्यांनी आले. सोल्डानेला आणि प्रिम्युला मॅक्रोफिला कधीच आल्या नाहीत. त्या कुंड्या ताईंनी 2024 च्या शरदात रिकाम्या केल्या, तेही आजोबा गावाला गेले असताना.

वेगळं काय करता येईल

ताईंना विचारलं तर त्या काचेचंच सांगतात: काढायची नव्हती, विटा बदलून वीतभर उंच करायची होती. हवा मिळाली असती, पाऊस मिळाला नसता. आणि सातही रोपं एका डोणीत लावायला नको होती. निम्मी कुंडीत ठेवली असती तर निर्णय चुकला तरी निम्मी वाचली असती. आजोबांची दोन वाचली ती नशिबाने नव्हे.

पहिल्या वर्षी यादीतून बाराऐवजी पाच-सहा पाकिटं, आणि त्यातली निम्मी सोपी, एवढ्याने बराच मनस्ताप वाचला असता. पण याबद्दल मला शंका आहे. सोप्या डायअँथसनेच ताईंची दिशाभूल केली होती. निदान एक अवघड बी शेजारी असलं की आपण काय चुकतोय हे लवकर कळतं. तेव्हा संख्या कमी करा, अवघड बी पूर्णपणे गाळू नका.

प्रत्येक पाकिटाचे दोन भाग करायला हवे होते. ताईंनी पहिल्या फेरीत सगळं बी एकाच पद्धतीने पेरलं. मेकोनॉप्सिसचं अर्धं पाकीट बाहेर भिंतीशी गेलं असतं तर कदाचित एक वर्ष वाचलं असतं. आता त्या अर्धं कागदात आणि अर्धं खडीखाली असंच करतात. कागदाची पद्धत वेगवान आहे आणि आत काय चाललंय ते दिसतं. पण रोज पिशवी उघडून बघणारा माणूस घरात हवा, आणि कोंब निघाल्यावर दोन-तीन दिवसांत तो कुंडीत गेला पाहिजे. गावाला जायचं असेल तर भिंतच बरी.

ताज्या बियांबाबत आजोबा आणि ताई यांचं अजून जमत नाही. आजोबा म्हणतात, बी हातात पडलं की पेरावं. ताई म्हणतात, पल्साटिलाला ते खरं, पण मेकोनॉप्सिस शरदात उगवली तर कोवळी रोपं घेऊन हिवाळा काढावा लागतो, म्हणून जानेवारी. 2025 मध्ये दोन्ही तुकड्या उगवल्याने वाद मिटलेला नाही. दोन्हींतली दहा-दहा रोपं सध्या वेगळ्या पेट्यांत आहेत, पाट्या पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत, आणि काच या वेळी मार्चअखेरपर्यंत काढायची नाही असं ठरलं आहे.